अल्फा कुठून आला? कृष्णविवराभोवतीच्या चकतीतल्या एका अस्थिरतेची गोष्ट

पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या शेवटी आमच्याकडे विभागासमोर सेमिनार द्यावा लागतो. माझ्या एका स्लाइडवर एक छोटी ओळ होती: अल्फा बरोबर ०.१. पुढची सगळी गणितं त्या ओळीवर उभी होती. पहिल्या रांगेत एक ज्येष्ठ सर बसले होते. त्यांचं आयुष्य पाण्याच्या आणि हवेच्या प्रवाहांवर काम करण्यात गेलेलं, कृष्णविवरांशी त्यांचा फारसा संबंध नाही. त्यांनी विचारलं, "हा ०.१ कुठून आणलास?"

मी म्हणाले, "सर, सगळे साधारण एवढाच घेतात."

"सगळे घेतात ते कळलं. पण कुठून घेतात?"

हशा पिकला. मीही हसले. पण मला उत्तर माहीत नव्हतं, आणि हे तिथे बसलेल्या सगळ्यांना दिसलं. पुढचे तीन आठवडे मी तेच शोधत होते. गंमत म्हणजे त्या काळात मी कृष्णविवरांपेक्षा फिरणाऱ्या सिलिंडरांबद्दल जास्त वाचलं. नेट-जेस्टची तयारी करणाऱ्या किंवा नुकताच गाइड शोधू लागलेल्या तुम्हा मंडळींसाठी ही गोष्ट मुद्दाम सविस्तर लिहिते आहे. यात भौतिकशास्त्र आहेच, पण एखादं उत्तर तीस वर्षं छापील पानांवर असूनही ज्यांना ते हवं होतं त्यांच्यापर्यंत कसं पोचत नाही, हेही यात आहे.

वायू सरळ आत का पडत नाही?

कृष्णविवर म्हटलं की आपल्याला वाटतं ते व्हॅक्यूम क्लीनरसारखं सगळं ओढून घेतं. तसं नसतं. सूर्य पृथ्वीला सतत ओढतोच आहे, तरी आपण त्यात पडत नाही, कारण आपण त्याच्याभोवती फिरतोय. वायूचंही तेच. शेजारच्या ताऱ्याकडून कृष्णविवराकडे निघालेला वायू फिरत फिरत येतो आणि भोवती एक चपटी चकती तयार होते. हीच ॲक्रीशन डिस्क.

आता हिशोब करू. ग्रहांसारख्या वर्तुळाकार कक्षेत कोनीय संवेग त्रिज्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणजे वायूचा एखादा पुंजका १ लाख किलोमीटरवरून १०० किलोमीटरवर यायचा असेल, तर त्याला आपल्या कोनीय संवेगापैकी सुमारे ९७ टक्के दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकावा लागतो. कोनीय संवेग नष्ट होत नाही, तो फक्त हातातून हातात जातो. मग घेणारा कोण?

सोपं उत्तर असं: बाहेरचं शेजारचं कडं. आतलं कडं जास्त कोनीय वेगाने फिरतं, बाहेरचं कमी. दोघांमध्ये घर्षण असेल तर आतलं कडं बाहेरच्याला पुढे ओढेल आणि स्वतः मागे खेचलं जाईल. संवेग बाहेर जाईल, वायू आत सरकेल, आणि घर्षणाने तापून क्ष-किरण सोडेल. न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या बाबतीत अशा वायूच्या वस्तुमानापैकी जवळपास ६ टक्के ऊर्जेच्या रूपात बाहेर येऊ शकतं. हायड्रोजनच्या अणुमीलनात हा आकडा फक्त ०.७ टक्के आहे. विश्वातले सगळ्यात तेजस्वी दिवे या यंत्रणेवर चालतात ते यामुळेच.

पण घर्षण कुठलं? वायूच्या रेणूंच्या टकरींमुळे येणारी नेहमीची व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा, इथे पुरतो का ते बघा. १ लाख किलोमीटर त्रिज्येची चकती आणि तिथल्या वायूला शोभेल असा चिकटपणा घेतला, तर वायू आत सरकायला सुमारे ३ कोटी वर्षं लागतात. प्रत्यक्षात याच आकाराच्या, श्वेत बटू ताऱ्यांभोवतीच्या चकत्या काही दिवसांत उजळतात आणि पुन्हा मंदावतात. कृष्णविवरांच्या चकत्यांचे उद्रेक काही महिन्यांत ओसरतात. थोडक्यात, रेणूंचं घर्षण शेजारून गेलं तरी कळणार नाही, इतकं ते कमी आहे. दुसरं काहीतरी, कित्येक अब्ज पटींनी जास्त ताकदीचं, काम करत असलं पाहिजे.

१९७३: उधारीची वही

१९७० मध्ये उहुरू हा क्ष-किरण उपग्रह सोडला गेला. १९७१-७२ मध्ये सिग्नस एक्स-१ या स्रोतात कृष्णविवर असावं असं खगोलशास्त्रज्ञांना वाटू लागलं. चकतीचं गणित आता तातडीने हवं होतं आणि घर्षणाचं कारण कुणालाच माहीत नव्हतं.

१९७३ मध्ये मॉस्कोतल्या निकोलाय शाकुरा आणि रशीद सुन्यायेव यांनी वाट काढली. चकतीत टर्ब्युलन्स असेल तर त्यातले भोवरे ध्वनीच्या वेगापेक्षा फार जोरात फिरणार नाहीत, आणि चकतीच्या जाडीपेक्षा मोठेही असणार नाहीत. म्हणून त्यांनी मांडलं, की एका कड्याने दुसऱ्याला ओढण्याचा ताण हा तिथल्या दाबाच्या काही पट असेल. ही पट म्हणजे अल्फा, आणि ती साधारण एकापेक्षा कमी. चुंबकीय क्षेत्राचा वाटाही त्यांनी याच अल्फात धरला होता.

एवढ्याने चकतीचं सगळं गणित सुटलं. तापमान किती, जाडी किती, कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती, सगळं. त्यातही एक सोय अशी, की स्थिर चकतीच्या पृष्ठभागावरून किती ऊर्जा बाहेर पडते ते अल्फावर अवलंबूनच नाही. त्यामुळे अल्फा नक्की माहीत नसला तरी निरीक्षणांशी तुलना करता येत होती.

मला हे वाचताना गल्लीतल्या किराणा दुकानातली उधारीची वही आठवली. वहीत रक्कम लिहिली की सामान मिळतं, घरात स्वयंपाक होतो, कुणी उपाशी राहत नाही. शाकुरा-सुन्यायेव यांनी ही उधारी अगदी प्रामाणिकपणे मांडली होती. अडचण पुढच्या पिढ्यांची आहे. वही इतकी सवयीची झाली की पैसे द्यायचे राहिलेत हेच आपण विसरलो. मी विसरले होते, म्हणून सेमिनारमध्ये अडकले.

रॅलेची भिंत

"टर्ब्युलन्स असेल" असं नुसतं म्हणून का चालत नाही? कारण प्रवाह आपणहून खळबळत नसतो, त्याला आधी अस्थिर व्हावं लागतं. फिरणारा प्रवाह कधी अस्थिर होतो याचा नियम लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये दिला होता. बाहेर जाताना कोनीय संवेग कमी होत असेल तर प्रवाह अस्थिर, वाढत असेल तर स्थिर.

का ते बघा. दोन शेजारच्या कड्यांमधला वायू अदलाबदल करून बघायचा. बाहेरच्याकडे मुळात संवेग जास्त असेल, तर आतून तिथे गेलेला वायू त्या कक्षेसाठी कमी पडतो आणि परत आत ओढला जातो. स्प्रिंग दाबून सोडावी तसं. १९२३ मध्ये जी. आय. टेलर यांनी एकात एक बसवलेले दोन सिलिंडर फिरवून त्यांच्यामधल्या द्रवाचा अभ्यास केला. त्यांचं गणित आणि प्रयोग फार सुंदर जुळले, आणि फिरत्या प्रवाहांच्या अस्थिरतेचं शास्त्र पक्क्या पायावर उभं राहिलं.

आता चकतीकडे या. तिथे कोनीय संवेग त्रिज्येच्या वर्गमुळाने वाढत जातो हे वर पाहिलंच. म्हणजे रॅलेच्या नियमाने चकती स्थिर. काठावर वगैरे नाही, अगदी आरामात स्थिर. ज्या टर्ब्युलन्सच्या नावावर उधारी घेतली होती, तो टर्ब्युलन्स सुरू व्हायलाच कारण नव्हतं.

पळवाटा होत्या. नळातला प्रवाह छोट्या धक्क्यांना स्थिर असतो, तरी वेग वाढवला की खळबळतो. हे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्येच दाखवलं होतं. चकतीतही तसंच होत असेल, अशी आशा पुष्कळांना होती. १९८४ मध्ये पापालोइझू आणि प्रिंगल यांनी जाडजूड, टायरसारख्या चकत्यांमध्ये वेगळ्या प्रकारची अस्थिरता शोधली. पण पातळ चकतीत सगळीकडे, हमखास चालेल असं काही सापडत नव्हतं.

उधारीचं व्याज

कारण माहीत नसलं तर काय बिघडतं, असं मला आधी वाटायचं. बिघडतं. अल्फा कशाने गुणायचा हेच मुळात ठरलेलं नव्हतं, आणि चकती टिकते की फुटते हे त्यावर ठरतं.

कृष्णविवराजवळच्या भागात वायूच्या दाबापेक्षा प्रकाशाचा दाब मोठा असतो. १९७४ मध्ये ॲलन लाइटमन आणि डग्लस अर्डली यांनी दाखवलं, की ताण एकूण दाबाच्या प्रमाणात धरला तर हा भाग अस्थिर होतो आणि वायू कड्याकड्यांमध्ये गोळा होऊ लागतो. लाइटमन म्हणजे पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले, तेच. १९७६ मध्ये शाकुरा आणि सुन्यायेव यांनीच दाखवलं, की हा भाग तापमानाच्या दृष्टीनेही अस्थिर आहे. थोडा तापला की आणखी तापतो. पण ताण फक्त वायूच्या दाबाच्या प्रमाणात धरा, आणि ही अस्थिरता नाहीशी होते. एकाच गोष्टीबद्दल दोन गृहीतकं, आणि दोन विरुद्ध निकाल.

आकाशाने तरी निकाल द्यावा ना? जीआरएस १९१५+१०५ हा क्ष-किरण स्रोत १९९२ मध्ये सापडला. तिथे सूर्याच्या सुमारे बारा पट वस्तुमानाचं कृष्णविवर आहे, आणि काही वेळा त्याचे क्ष-किरण साधारण मिनिटाभराच्या लयीत चढतात-उतरतात. अगदी हृदयाच्या ठोक्यांसारखे. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये बनवलेली क्ष-किरण उपकरणं १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या इस्रोच्या उपग्रहावरून गेली, आणि त्यांनीही या स्रोताचे असे लयीतले उद्रेक टिपले. चकतीचा आतला भाग रिकामा होतो आणि पुन्हा भरतो, असा याचा अर्थ लावतात. म्हणजे अस्थिरता खरी दिसते. पण मग तशाच तेजाची बहुतेक इतर कृष्णविवरं शांत का? ताण कुठून येतो हे कळल्याशिवाय याचं उत्तर मिळणं कठीण होतं.

उत्तर कपाटात होतं

आता १९५९ मध्ये चला. क्वेसार अजून ओळखले गेलेले नाहीत, 'ब्लॅक होल' हा शब्द रूढ झालेला नाही, चकत्यांचा प्रश्नच कुणाला पडलेला नाही. मॉस्कोत येवगेनी वेलिखोव नावाचा २४ वर्षांचा तरुण टेलरचे तेच दोन सिलिंडर घेऊन एक प्रश्न विचारतो: मधला द्रव विजेचा परिपूर्ण वाहक असेल आणि त्यात चुंबकीय क्षेत्र असेल, तर अस्थिरतेचा नियम काय होतो?

त्याला मिळालेलं उत्तर असं. आता कोनीय संवेगाकडे बघायचंच नाही, कोनीय वेगाकडे बघायचं. बाहेर जाताना कोनीय वेग कमी होत असेल, तर क्षीण चुंबकीय क्षेत्र असलेला प्रवाह अस्थिर. १९६० मध्ये सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी याच निष्कर्षाला अधिक व्यापक रूप दिलं, आणि १९६१ च्या त्यांच्या साडेसहाशे पानी ग्रंथात त्याचा समावेश केला. द्रव आणि चुंबकीय प्रवाहांच्या स्थैर्यावरचा हा ग्रंथ आजही या विषयाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या टेबलावर असतो. चकतीत कोनीय वेग बाहेर जाताना कमी होतोच. म्हणजे चकती अस्थिर आहे हे सांगणारा नियम शाकुरा-सुन्यायेव यांच्या पेपरच्या १४ वर्षं आधी छापून आला होता, तोही त्यांच्याच शहरात.

मग कुणाच्या लक्षात का आलं नाही? मला तीन कारणं दिसतात.

पहिलं कारण प्रयोगांचं. १९५३ मध्ये चंद्रशेखर यांनीच द्रव धातूंना लागू होईल असं गणित केलं होतं, आणि त्यात चुंबकीय क्षेत्र प्रवाहाला उलट आवरून धरतं असं निघालं होतं. १९६० मध्ये डॉनेली आणि ओझिमा यांनी पाऱ्यावर प्रयोग करून तेच पाहिलं. दोन्ही बरोबर होतं! पारा आपल्याला चांगला वाहक वाटतो, पण प्रयोगशाळेतल्या टीचभर भांड्यात चुंबकीय रेषा त्यातून सहज निसटतात. अवकाशातल्या अवाढव्य चकतीत त्या वायूला चिकटून राहतात. "चुंबकीय क्षेत्र म्हणजे लगाम" ही समजूत पक्की झाली ती टेबलावरच्या पाऱ्यावरून.

दुसरं कारण गणितातलं. वेलिखोव-चंद्रशेखर यांच्या नियमात क्षेत्राची ताकद येतच नाही. क्षेत्र कितीही क्षीण करा, नियम तोच. पण क्षेत्र पूर्ण शून्य केलं, की एकदम रॅलेचा नियम लागू होतो. चंद्रशेखर यांना हे विचित्र वागणं दिसलं होतं आणि त्यांनी ते नोंदवलंही होतं. मात्र अशी गोष्ट वाचताना आपण सहसा "हा गणिताचा चमत्कार असेल" म्हणून पुढचं पान उलटतो.

तिसरं कारण सगळ्यात साधं. पुस्तक एका कपाटात होतं आणि प्रश्न दुसऱ्याच इमारतीत. १९६९ मध्ये फ्रिके यांनी हा विचार ताऱ्यांच्या अंतरंगासाठी केला. १९७३ मध्ये, म्हणजे अल्फा जन्मला त्याच वर्षी, ॲचिसन आणि हाइड यांनी पृथ्वीच्या गाभ्याच्या संदर्भात त्याचा ऊहापोह केला. चकत्यांपर्यंत तो पोचला नाही. चंद्रशेखर स्वतः सत्तरच्या दशकात कृष्णविवरांकडे वळले आणि १९८३ मध्ये त्यांचा कृष्णविवरांच्या गणितावरचा मोठा ग्रंथ आला. दोन्ही ग्रंथ एकाच माणसाचे. पण कृष्णविवरांच्या ग्रंथाचा विषय अवकाश-काळाची भूमिती हा होता, भोवतालच्या वायूचं घर्षण नव्हे.

१९९१: दोन पुंजके आणि एक रबर

१९९१ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातल्या स्टीव्हन बाल्बस आणि जॉन हॉली यांचे दोन पेपर पाठोपाठ आले. पहिल्यात गणित, दुसऱ्यात संगणकावरचं सिम्युलेशन. शीर्षकातच त्यांनी सांगितलं होतं, की क्षीण चुंबकीय क्षेत्र असलेल्या चकत्यांमध्ये एक जबरदस्त अस्थिरता आहे. आज तिला मॅग्नेटोरोटेशनल अस्थिरता किंवा थोडक्यात एमआरआय म्हणतात. हॉस्पिटलमधल्या एमआरआयशी हिचा काही संबंध नाही, हे घरच्यांना समजावण्यात माझा बराच वेळ जातो.

कल्पना अशी. वायूचे दोन पुंजके एकाच चुंबकीय रेषेवर आहेत, एक जरा आत, एक जरा बाहेर. रेषा त्यांना रबरासारखी जोडते. आतला जास्त कोनीय वेगाने फिरतो म्हणून पुढे निघतो आणि रबर ताणलं जातं. रबर आतल्याला मागे खेचतं, बाहेरच्याला पुढे.

इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं आहे. पण कक्षेत फिरणाऱ्या वस्तूला मागे खेचलं की ती मंदावत नाही. तिचा कोनीय संवेग कमी होतो, ती आतल्या कक्षेत घसरते, आणि आतल्या कक्षेत वेग आणखी जास्त असतो. बाहेरच्याला पुढे ओढलं की तो आणखी बाहेर जातो आणि आणखी मागे पडतो. म्हणजे जवळ आणायला लावलेलं रबर दोघांना दूर नेतं, त्यामुळे जास्त ताणलं जातं, त्यामुळे आणखी दूर नेतं. आणि या सगळ्यात आतल्याचा कोनीय संवेग बाहेरच्याला मिळतो. आपण घेणारा शोधत होतो ना, तो इथे सापडला.

क्षेत्र क्षीण का लागतं तेही आता कळेल. रबर फार कडक असेल तर ते दोघांना दूर जाऊ देण्याआधीच परत ओढून घेतं. रबर जितकं सैल, तितक्या लहान अंतरावर ही अस्थिरता चालते, पण तिचा जास्तीत जास्त वेग तोच राहतो. चंद्रशेखर यांच्या कोड्याचीही उकल इथे होते. क्षेत्र शून्याकडे नेलं तर ही प्रक्रिया लहान लहान अंतरावर सरकत जाते. खऱ्या वायूत शेवटी चिकटपणा आणि विद्युतरोध तिला गिळून टाकतात, पण आदर्श वायूत ती संपतच नाही.

वेग किती? चकतीत सगळ्यात जोरात वाढणारा धक्का एका फेरीत शंभर पटींहून जास्त मोठा होतो. दहा सूर्यांइतक्या, न फिरणाऱ्या कृष्णविवराच्या सगळ्यात आतल्या स्थिर कक्षेत एक फेरी साधारण साडेचार मिलिसेकंदांत होते. एकीकडे ३ कोटी वर्षं, दुसरीकडे हे. १९९५ पर्यंत त्रिमितीतली सिम्युलेशन्सही झाली आणि दिसलं, की ही अस्थिरता वाढून टिकाऊ टर्ब्युलन्समध्ये बदलते आणि कोनीय संवेग खरोखर बाहेर नेते.

बाल्बस आणि हॉली यांनी नियम पहिल्यांदा शोधला असं नाही. ते श्रेय वेलिखोव आणि चंद्रशेखर यांचं, आणि आज या विषयावरच्या पेपरात ती दोन्ही नावं असतातच. या दोघांनी ती ओळ कशाचं उत्तर आहे ते ओळखलं आणि इतक्या सोप्या भाषेत मांडलं की नंतर दुर्लक्ष करणं कुणाला शक्य नव्हतं. २०१३ मध्ये त्यांना खगोलशास्त्राचा शॉ पुरस्कार मिळाला.

पुन्हा सिलिंडरांकडे

तरी प्रश्न विचारणारे राहिलेच, आणि ते चांगलंच झालं. चुंबकीय क्षेत्राशिवाय, नळातल्या पाण्यासारखा टर्ब्युलन्स चकतीत होतच नाही हे नक्की का? प्रिन्स्टनमध्ये हानताओ जी आणि सहकाऱ्यांनी सिलिंडरांमधलं पाणी चकतीसारखं फिरवलं. २००६ मध्ये त्यांनी सांगितलं, की रेनॉल्ड्स संख्या २० लाखांपर्यंत नेली तरी प्रवाह जवळजवळ शांत राहतो. २०११ मध्ये मेरीलँडच्या पाओलेत्ती आणि लॅथ्रॉप यांना त्यांच्या उपकरणात टर्ब्युलन्स दिसला. मग वाद सुरू झाला: दिसतंय ते प्रवाहाचं की सिलिंडरच्या झाकणांचं? बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये बनिब्रत मुखोपाध्याय आणि सहकारी आजही चुंबकीय क्षेत्राशिवायच्या वाटेवर काम करतात. क्षेत्र वायूला नीट चिकटत नाही अशा थंड चकत्यांमध्ये हा प्रश्न खरोखरच महत्त्वाचा आहे.

आणि एमआरआय स्वतः? ती प्रयोगशाळेत पकडायला द्रव धातू फार वेगाने आणि फार नेमकेपणाने फिरवावा लागतो. प्रिन्स्टनच्या गटाने गॅलियमच्या मिश्रधातूवर ती दिसल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. वेलिखोव यांच्या पेपरनंतर ६३ वर्षांनी. हॉली त्याआधी, २०२१ च्या शेवटी, गेले होते.

वही अजून मिटलेली नाही

म्हणजे उधारी फिटली का? काही प्रमाणात. पैसे कुठून येणार ते कळलं, पण रक्कम अजून जुळत नाही. २००७ मध्ये किंग, प्रिंगल आणि लिव्हिओ यांनी दाखवलं, की पूर्ण आयनित चकत्यांच्या निरीक्षणांवरून अल्फा ०.१ ते ०.४ येतो, तर बऱ्याच सिम्युलेशन्समध्ये तो सुमारे दहा पटींनी कमी निघतो. लाइटमन-अर्डलींच्या भागाचंही तसंच. २००९ मधल्या एका सिम्युलेशनमध्ये तो तापमानाच्या दृष्टीने स्थिर निघाला, २०१३ मधल्या दुसऱ्यात अस्थिर. आणि २०१९ मध्ये ज्याचा फोटो आपण सगळ्यांनी पाहिला त्या एम८७ च्या कृष्णविवराजवळ तर क्षेत्र क्षीण नसून भरपूर ताकदीचं असावं, असा कल २०२१ च्या ध्रुवीकरणाच्या निरीक्षणांतून दिसतो. तिथे रबर सैल नाही. मग संवेग नेमका कसा बाहेर जातो, यावर सध्या जोरात काम चालू आहे.

संशोधनाला लागणाऱ्यांना मी यातून तीनच गोष्टी सांगेन, कारण त्या मला महागात पडून कळल्या. तुमच्या समीकरणात एखादा आकडा "सगळे घेतात" म्हणून आला असेल, तर तो पहिल्यांदा कुणी आणि कुठल्या अडचणीतून घेतला तो मूळ पेपर एकदा तरी उघडून वाचा. शाकुरा-सुन्यायेव वाचताना मला कळलं, की त्यांना आपल्या अज्ञानाची आपल्यापेक्षा जास्त स्पष्ट जाणीव होती. दुसरं, तुमच्या विभागाबाहेरच्या माणसाने सेमिनारमध्ये विचारलेला प्रश्न आधी वहीत लिहून घ्या, मग वाईट वाटून घ्या. तिसरं, गणितात एखादी मर्यादा विचित्र वागली, शून्याजवळचं उत्तर आणि शून्यावरचं उत्तर जुळलं नाही, तर पान उलटू नका. १९६० मध्ये एवढा एकच धागा बाहेर लोंबत होता.

दुसऱ्या वर्षाच्या सेमिनारला मी ती स्लाइड बदलली. आता तिच्यावर अल्फाचा एक आकडा नाही, तीन आहेत, आणि प्रत्येकासमोर तो कुठून आला ते लिहिलंय. माझे निष्कर्ष त्यामुळे कमी ठाम झाले. एक आलेख तर मला काढूनच टाकावा लागला, कारण तो फक्त ०.१ लाच सुंदर दिसत होता. तेच सर पुन्हा पहिल्या रांगेत होते. त्यांनी स्लाइड वाचली आणि विचारलं, "मग यातला खरा कुठला?"

मी म्हणाले, "माहीत नाही, सर. पण आता कुठे शोधायचं ते माहीत आहे."